घरचा काटेरी हलवा आणि जुन्या साड्यांची गोधडी : थंडीतील हातकाम

शेवंती (नाशिक) | ४ डिसेंबर

नमस्कार. निफाडच्या पाऱ्याची बातमी यायला लागली की आमच्या घरात संध्याकाळी सहानंतर कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्यातून यंदा माझ्या गुडघ्याने उचल खाल्ली असल्यामुळे सकाळचे फिरणेही बंद आहे. निवृत्तीनंतरचा हा तिसरा हिवाळा. गेले दोन हिवाळे टीव्हीसमोर गेले, याची आता मनापासून लाज वाटते. म्हणून यंदा दोन कामे हाती घेण्याचे ठरवले आहे. सुनेचा पहिला संक्रांतसण आहे, तेव्हा तिच्यासाठी काटेरी हलवा घरी करून त्याचे निदान तीन दागिने तयार करायचे, हे पहिले काम. कपाटाच्या वरच्या खणात सासूबाईंची चार सुती लुगडी वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यांची गोधडी शिवायची, हे दुसरे.

बाजारात दोन्ही तयार मिळतात, हे मला ठाऊक आहे. परंतु बाजारचा हलवा बहुतेक वेळा नुसता गोल आणि गुळगुळीत असतो, त्याला लहानपणी पाहिलेला तो टोकदार काटा नसतो. आईला हलवा करताना मी पाहिले आहे, पण तेव्हा माझे लक्ष परातीकडे कमी आणि खाली पडणाऱ्या दाण्यांकडे जास्त होते. त्यामुळे पाक केव्हा घालायचा, आच किती ठेवायची, काटा कोणत्या दिवशी दिसू लागतो, यांतले काहीच नीट आठवत नाही. काल पाव वाटी तीळ घेऊन पहिला प्रयत्न केला आणि वीस मिनिटांत परातीत तिळाची एक मोठी वडी तयार झाली. ती यजमानांनी चहाबरोबर आनंदाने संपवली, हा भाग वेगळा. ज्यांनी हलवा स्वतःच्या हाताने केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तांब्याची परात (पुणे) | ४ डिसेंबर

शेवंतीताई, वडी झाली याचा अर्थ पाक एकदम जास्त पडला. हलव्याला पाक ओतायचा नसतो, तो शिंपडल्यासारखा द्यायचा असतो. मी माझ्या आत्याकडून शिकले आणि गेली तीस-एक वर्षे दर पौषात करते आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तीळ पॉलिशचे पांढरे घ्यावेत, मंद आचेवर जेमतेम गरम करून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि चाळून त्यातली कणी काढून टाकावी. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळी आली की चमचाभर दूध घालावे. वर येणारी मळी झाऱ्याने काढून पाक स्वच्छ फडक्यातून गाळावा आणि एकतारी होताच उतरवावा. पाकाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवले म्हणजे तो काम संपेपर्यंत पातळ राहतो. पाक पांढराशुभ्र हवा असेल तर मळी काढण्याचा आळस करू नये. पिवळट हलव्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

आत्या कोळशाच्या शेगडीवर राख पसरून त्यावर परात ठेवत असे. मी गॅसच्या सर्वांत लहान ज्योतीवर जाड लोखंडी तवा आणि त्यावर परात ठेवते. परातीचा तळ हाताला सोसेल इतकाच गरम हवा. तीळ परातीत पसरून लहान चमचा अर्धाच भरून पाक घालावा आणि लगेच बोटांच्या टोकांनी तीळ गोल गोल फिरवायला लागावे. तळहात वापरू नये, कारण दाबाने कोवळा काटा मोडतो. सुरुवातीला तीळ ओलसर, चिकट वाटतात, एकमेकांना धरतात. मग हळूहळू सुटे होतात, पांढुरके दिसू लागतात आणि परातीत खडीसारखा कोरडा, सळसळता आवाज येतो. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. पहिला थर नीट वाळायच्या आत दुसरा दिलात की झालीच तुमची वडी.

दिवसाला दोन ते तीन तास बसावे. पहिल्या दिवशी तिळाला नुसता पांढरा मुलामा चढतो आणि पाहणाऱ्याला वाटते की यात काही दम नाही. दुसऱ्या दिवशी दाणा जाड होतो. काटा मला साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागतो. परातीच्या तळाला साखर धरते, ती अधूनमधून ओल्या फडक्याने पुसून काढावी आणि परात कोरडी करूनच दाणे पुन्हा घालावेत. खाली जमणारी साखरेची पिठी चाळून टाकावी, नाहीतर ती काट्यांच्या मधल्या जागा भरून टाकते. रंगाचा हलवा हवा असेल तर केशराचा पाक शेवटच्या दिवशी द्यावा.

सतत हलवत राहायचे म्हणून हलवा, असे आत्या म्हणायची. शब्द मुळात अरबी आहे आणि त्याचा अर्थ गोड पदार्थ, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण परातीसमोर बसल्यावर आत्याचीच व्युत्पत्ती खरी वाटते.

अर्धी वाटी (वसई) | ५ डिसेंबर

धाग्याबद्दल आभार. माझी तक्रार वेगळी आहे. मी वरच्यासारखेच सर्व करते, पाकही थेंबाथेंबाने देते, तरी आमच्याकडे दाणा कोरडा होता होत नाही आणि काटा बोथट राहतो. शेजारच्या काकू म्हणतात की समुद्राकाठी हलवा होतच नाही. हे खरे मानावे काय?

रसायनमास्तर (सांगली) | ५ डिसेंबर

होतच नाही असे नाही, पण काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. हलव्याचा प्रत्येक थर म्हणजे पाकातील पाणी उडून मागे राहिलेले साखरेचे बारीक स्फटिक. हवेत दमटपणा असला की पाणी सावकाश उडते, दाणा जास्त वेळ ओला राहतो आणि तेवढ्या वेळात पाक टोकावर न थांबता खोलगट भागात ओघळतो. हलवा पौषात करण्याची रीत पडली त्यामागे संक्रांत तर आहेच, पण घाटावरची त्या दिवसांतील कोरडी, गार हवा हेही कारण असले पाहिजे, असे माझे मत आहे. तुम्ही दुपारच्या वेळी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना करून पाहा. पहाट टाळा, कारण किनाऱ्यावर पहाटेचा दमटपणा सर्वांत जास्त असतो. बाजूला भाताचे पातेले उकळत ठेवून तर मुळीच बसू नका.

आणखी एक विचारतो. पाकात लिंबू पिळता काय? अनेक जण मळी काढण्यासाठी किंवा सवयीने पिळतात. गुलाबजामच्या पाकात ते ठीक आहे, तिथे पाक साखरू नये अशीच आपली इच्छा असते. आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि ते दोन्ही साखरेचे स्फटिक बनण्यात अडथळा आणतात. हलव्याला नेमके स्फटिकच हवे असतात. शिवाय फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे दाणा चिकट राहतो.

काटा का येतो, याचे मला पटणारे स्पष्टीकरण असे आहे. दाण्यावर कुठेतरी योगायोगाने बारीक उंचवटा तयार होतो. दाणा फिरताना परातीतल्या पाकाला तो उंचवटा आधी टेकतो, म्हणून त्याला साखर जास्त मिळते आणि तो अधिकच उंच होतो. पाक बेताचा असेल तोवरच हे चालते. पाक जास्त झाला की उंचवटे आणि खळगे सगळेच बुडतात आणि बाजारी गुळगुळीत गोळी तयार होते.

अर्धी वाटी (वसई) | ५ डिसेंबर

मास्तर, लिंबू पिळत होते. अर्धे. दर वर्षी.

पूर्वेचा पाहुणा (ओसाका) | ६ डिसेंबर

हा धागा वाचून राहवले नाही. इथे जपानमध्ये हुबेहूब आपल्या हलव्यासारखी एक मिठाई मिळते, तिला कोम्पेतो म्हणतात. पहिल्यांदा दुकानाच्या काचेमागे पाहिली तेव्हा कोणीतरी नाशिक-पुण्याहून डबा पाठवला आहे, असेच वाटले होते. हे नाव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’वरून आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ही मिठाई तिथे पोहोचली आणि लुईस फ्रॉइस या धर्मप्रसारकाने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून ती भेट दिल्याची नोंद आहे.

कृतीचे तत्त्व तेच आहे. तिरकी, खालून तापवलेली मोठी गोल कढई यंत्राने सावकाश फिरत राहते, कारागीर थोडा थोडा पाक देत राहतो आणि दाणा पूर्ण व्हायला दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. पूर्वी आत खसखस किंवा तीळ असे, आता बहुधा जाड साखरेचा कण घेतात. कारागीर दाण्यांच्या खळखळाटावरून पाकाची वेळ ठरवतात, असे मी ऐकले आहे. वर परातबाईंनी आवाजाबद्दल लिहिलेले वाचून म्हणूनच मौज वाटली.

वाकळ (बीड) | ८ डिसेंबर

शेवंतीताई, हलव्याचे जाणकार आले आहेत, मी गोधडीबद्दल लिहिते. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. चार लुगडी म्हणजे पुष्कळ झाली. एका नऊवारी लुगड्याचे सुमारे दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघतात आणि दोन-दोन तुकडे शेजारी जोडले की एका ऐसपैस गोधडीचे दोन थर होतात. चार लुगड्यांत आठ थर होतील. मराठवाड्यातील थंडीला सहा पुरतात. आठ थरांची गोधडी धुताना ओली झाल्यावर उचलायला दोन माणसे लागतात, याचाही विचार करावा. उरलेल्या लुगड्यात नातवंडासाठी दुपटे होईल. (गोड बातमी नसेल तर क्षमस्व, मी आपली लुगड्याचा हिशोब करते आहे.)

सर्वांत जुने, विरलेले कापड आत घालावे आणि त्यातल्या त्यात धड असलेले दोन्ही बाहेरच्या अंगांना घ्यावे. जरीचा काठ काढून ठेवावा, तो अंगाला टोचतो. जमिनीवर सतरंजी घालून त्यावर एकेक थर पसरावा आणि प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे सारवल्यासारखा साफ करावा. सगळे थर बसले की वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून टाचून घ्यावे. हे टाचण टाळले तर आतले कापड सरकते आणि शेवटी एका कोपऱ्यात गठ्ठा होऊन बसते. त्यावर उपाय नाही, सगळे उसवावे लागते.

त्यानंतर खरा धावदोरा. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत फिरत आत येतात, त्यामुळे टाक्यांचे चौकोनात चौकोन होत जातात आणि मध्यभागी शेवट होतो. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर असावे. काही जणी हौसेने एका बोटावर ओळी घालतात. दिसायला ती गोधडी देखणी होते, परंतु ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते आणि टाके फार दाट घातले की कापड दाबले जाऊन ती हवाच राहत नाही. दोरा सुती आणि जाड घ्यावा, सुई लांब घ्यावी आणि मधल्या बोटात अंगुस्ताना घालायला विसरू नये. सहा थरांतून सुई ढकलताना तिचे डोके बोटाच्या पेरात कसे रुतते, ते पहिल्याच दिवशी कळते.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते. मागे एकदा खालच्या अंगाला जुने कापड पुरेना, म्हणून दुकानातून कोरे मांजरपाट आणून न धुताच लावले. पहिल्या धुण्यात ते आकसले आणि पाच आठवड्यांचे काम पापडासारखे चारही बाजूंनी उचलले गेले. कोरे कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवूनच वापरावे. पॉलिएस्टरच्या साड्या आत घालण्याचा मोहही टाळावा. त्या घसरतात, घाम शोषत नाहीत आणि पहाटे अंगावर गार लागतात.

बर्फाळ (टोरांटो) | ९ डिसेंबर

इथे बाहेर पारा शून्याच्या पुष्कळ खाली आणि घरात दिवसरात्र हीटर, त्यामुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. गेल्या वर्षी प्रथमच हलवा करून पाहिला आणि काटा असा आला की माझाच विश्वास बसला नाही. आता मास्तरांचे लेखन वाचून कारण समजले. अडचण आली ती शेगडीची. आमच्याकडे विजेच्या कॉइलची शेगडी आहे. तिची आच कमी केली तरी ती मधूनच पूर्ण तापते आणि मधूनच बंद पडते, त्यामुळे परातीचा मधला भाग जळून दोनदा तीळ तांबूस झाले. शेवटी परातीखाली गरम पाण्याचे पसरट पातेले ठेवून पाहिले; वाफेने दाणे ओलावू नयेत म्हणून परात पातेल्यापेक्षा मोठी घेतली आणि मगच जमले. कॉइलवाल्यांनी हा मार्ग अवश्य करून पाहावा.

खानदेशी (जळगाव) | १० डिसेंबर

परातीसमोर तीन तास बसायचे तर त्या दिवशी स्वयंपाक काय करायचा, हे कोणीच लिहिले नाही. आमच्या घरी अशा दिवशी सकाळीच हिरवी वांगी भाजून भरीत करून ठेवतात आणि कळण्याच्या भाकऱ्या थापतात. ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळले की कळण्याचे पीठ होते. ही भाकरी गार झाली तरी भरीत, कच्चे तेल आणि कांद्याबरोबर उत्तम लागते, त्यामुळे दुपारी पुन्हा तव्याजवळ जावे लागत नाही. साखरेच्या हाताने भाकरी थापू नये एवढेच पथ्य आहे.

शेवंती (नाशिक) | १९ डिसेंबर

सर्वांचे आभार मानण्यापूर्वी प्रगती सांगते. वाकळताई, गोड बातमी नाही, पण दुपट्याचे कापड बाजूला काढून ठेवले आहे.

परातबाईंच्या सांगण्याप्रमाणे सोमवारी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी खरोखरच काही दिसेना. दुसऱ्या दिवशी मी कंटाळून उठले तेव्हा यजमान बसले आणि निवृत्त हिशेबनिसाला शोभेल अशा रीतीने त्यांनी प्रत्येक अर्धा चमचा पाकाची घड्याळ लावून नोंद ठेवली. त्यांच्या वहीप्रमाणे एक थर वाळायला आमच्याकडे सकाळी सात मिनिटे आणि दुपारी पाच मिनिटे लागतात. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास चष्मा लावून पाहिले तर एका दाण्यावर सुईच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके उभे होते. आम्ही दोघांनी तो दाणा बशीत काढून खिडकीपाशी नेऊन पाहिला. तो खाण्याचे धैर्य अजून झालेले नाही.

दोन शंका आहेत. दागिन्यांसाठी मोठे दाणे हवेत, ते कशावर करावेत? आणि हलव्याला भोक नसताना तो दोऱ्यात ओवतात कसा? सुईने भोक पाडायला गेले तर दाण्याचे दोन तुकडे झाले.

तांब्याची परात (पुणे) | २० डिसेंबर

अभिनंदन! मोठ्या दाण्यासाठी साबुदाणा घ्यावा. लांबट दाणा हवा असेल तर खरबुजाच्या बिया किंवा बडीशेप घ्यावी. लवंगेचाही हलवा होतो आणि तो नथीत फार शोभतो. कृती सर्वांची तीच, फक्त आकाराने वेगळे दाणे एका परातीत एकत्र करू नयेत.

हलवा ओवत नाहीत, बांधतात. पांढरा दोरा दुहेरी घेऊन त्याला सैल सरकगाठ मारावी, त्या फासात दाणा धरावा आणि दोन्ही टोके हलक्या हाताने ओढावीत. दोरा काट्यांच्या मधल्या खोबणीत जाऊन बसतो आणि दाणा पक्का होतो. गुळगुळीत हलवा या फासातून निसटतो. काट्याचा असा उपयोग आहे. लगेच शेजारी दुसरी गाठ, दुसरा दाणा. वीतभर सर व्हायला सुरुवातीला अर्धा तास सहज जातो. मंगळसूत्राला मधून काळे मणी घ्यावेत, तेही त्याच दोऱ्यात येतात. बाजूबंद, कंबरपट्टा आणि बिंदीच्या पदकासाठी पुठ्ठा कापून त्यावर सोनेरी कागद लावावा आणि या सरी त्यावर शिवून टाकाव्यात. पुठ्ठ्यावर दाणे थेट चिकटवण्याची हल्लीची पद्धत सोपी आहे, पण मला ती आवडत नाही. बोरन्हाणाचे दागिने असतील तर ती नकोच, कारण बाळ सर्वांत आधी मुकुट तोंडात घालते आणि गोंद पोटात जातो.

हात घामेजत असतील तर बोटांना किंचित तांदळाची पिठी लावावी. गाठी मारण्याचे काम दिवसाउजेडी करावे.

अर्धी वाटी (वसई) | २८ डिसेंबर

लिंबू सोडले, पहाट सोडली, दुपारी अडीच ते साडेचार बसले. काटा आला. पुण्याच्या हलव्याइतका टोकदार नाही, पण हाताला लागतो. काकूंना वाटीभर नेऊन दिला. त्यांनी दाणा बोटात फिरवून पाहिला आणि साखर कोणत्या दुकानातून आणली, असे विचारले.

शेवंती (नाशिक) | ११ जानेवारी

मंगळसूत्र, बाजूबंदांची जोडी आणि नथ एवढे पूर्ण झाले आहे. कंबरपट्टा पुठ्ठ्यावर मांडून पाहिला तेव्हा एकशे दहा दाणे कमी पडले, म्हणून आज यजमान पुन्हा परातीसमोर बसले आहेत. ते आता मला चमचा हातात घेऊ देत नाहीत, कारण माझा अर्धा चमचा पाऊण असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. गोधडीचे टाचण झाले आहे आणि कडेच्या अकरा ओळी घालून झाल्या आहेत. मध्यापर्यंत पोहोचायला रथसप्तमी उजाडेल असे दिसते. सासूबाईंच्या एका लुगड्याच्या पदराला त्यांनीच घातलेला रफू सापडला. तो भाग वरच्या अंगाला, पायाकडच्या कोपऱ्यात घेतला आहे.

शेवटची शंका. दागिने १४ तारखेपर्यंत कसे ठेवावेत? आमच्याकडे मुंग्यांचा फार उपद्रव आहे.

तांब्याची परात (पुणे) | ११ जानेवारी

घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात खाली कोरा कागद आणि त्यावर कापूस पसरून दागिने एकावर एक न येतील असे ठेवावेत. डबा पाण्याच्या थाळीत उभा केला तर मुंग्या येत नाहीत, पण थाळीतले पाणी डब्याच्या झाकणापर्यंत उडणार नाही इतपत उथळ असावे. फ्रीजमध्ये मात्र चुकूनही ठेवू नका, बाहेर काढल्यावर दाण्यांना घाम सुटतो.

शेवंती (नाशिक) | ११ जानेवारी

सकाळीच फ्रीजमध्ये ठेवले होते. आता उठून काढते.